गेटवरची हजेरी

आमच्या कॉलेजात माजी सैनिक सहाय्य कक्ष नावाचं एक टेबल आहे. कक्ष म्हणजे खोली, हे मलाही कळतं, पण खोली काही मिळाली नाही. जिन्याखाली, खेळाचं सामान ठेवतात त्या कोठीला लागून टेबल टाकलं, भिंतीवर पाटी ठोकली आणि प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, उद्यापासून हे तुझ्याकडे. मी ऑफिसातली जुनी क्लार्क. शिष्यवृत्तीचे फॉर्म, परीक्षेचे फॉर्म, बोनाफाईड, टीसी, सगळं माझ्याच हातून जातं. त्यात हे एक वाढलं. वरून पत्र आलं होतं की फौजेतून परतलेल्या माणसाला पुढं शिकायचं असेल तर फीची सवलत, कागदपत्रं, हजेरी, परीक्षा, सगळ्यात कॉलेजानं त्याला हात द्यावा आणि त्याच्या मुलाबाळांनाही द्यावा. मी पत्र फाइलला लावलं आणि पेंटरला पाटीवरची अक्षरं लिहून दिली. माझ्या मते कक्षाचं काम तिथंच संपलं होतं.

राजुऱ्यात कोण फौजी शिकायला येणार, असं वाटलं होतं. एक आला. तिन्ही वर्षं तो एकटाच राहिला.

जिवतीकडच्या पहाडावरचा गोंड माणूस. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. विसाव्या वर्षी भरती झाला, नोकरीच्या बाराव्या वर्षी बर्फात डाव्या पायाची तीन बोटं गळून पडली आणि फौजेनं घरी पाठवलं. ज्या माणसानं जन्मभर चंद्रपूरचं ऊन खाल्लं त्याचा पाय थंडीनं जावा, याचं मला पहिल्या दिवशी हसूच आलं होतं. पंधरा वर्षं पुरी झाली असती तर फौजेकडूनच पदवीच्या बरोबरीचा कागद मिळाला असता. तीन वर्षं कमी पडली. मी त्याला म्हटलं होतं, तीन बोटं गेली, तीन वर्षं गेली, तुम्हाला तीनचा आकडाच नडतो बघा. तो हसला. वरिष्ठानं विनोद केला की हसायचं, ही सवय त्याला फौजेतली असावी.

घरी आल्यावर काही वर्षं तो सूरजागडकडं खाणीच्या गेटवर सिक्युरिटीत होता. पाय सुजायला लागला तसं ते सोडलं. मग कुणीतरी त्याला सांगितलं की तलाठ्याच्या भरतीत माजी सैनिकांच्या जागा असतात, आणि ज्याला फौजेत अपंगत्व आलं त्याला पंचेचाळीस पुरी होईपर्यंत अर्ज करता येतो. पदवी मात्र पाहिजे. त्यानं हिशेब केला. एक्केचाळीसला सुरुवात, चव्वेचाळीसला पदवी, त्यानंतर एक भरती. एकच. हा सगळा हिशेब त्यानं पहिल्याच दिवशी माझ्या टेबलासमोर उभं राहून, छाती पुढं काढून मला सांगितला. हे आधीच लिहून ठेवते. पुढं मी जे केलं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणाला वाटायला नको.

माझा स्वभाव तापट आहे. आमच्या घरात हिंदी बोलतात, ऑफिसात मी मराठी बोलते आणि भांडते दोन्हीत. टेबलापलीकडचा माणूस गोंधळला, घाबरला, हात जोडायला लागला की माझा पारा उतरतो. मग मी त्याचं काम झटक्यात करून देते आणि तो मला दुवा देतो. हा माणूस गोंधळत नव्हता, घाबरत नव्हता आणि हातही जोडत नव्हता. प्लास्टिकच्या पाकिटात डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, जातीचा दाखला, दहावी-बारावीच्या मार्कशीट, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, वर यादी. मी एकेक मागायची आणि तो एकेक काढून ठेवायचा. चिडायला जागाच ठेवत नव्हता, आणि त्याचीच मला चीड आली. शेवटी मी म्हटलं, उत्पन्नाचा दाखला यंदाचा नाही, परत आणा. दाखला यंदाचाच होता. तो तीन तासांचा पहाड उतरून आला होता, तसाच चढून गेला आणि चौथ्या दिवशी तोच दाखला नव्या तारखेचा घेऊन आला. टेबलावर ठेवला. मी शिक्का मारला.

वयानं तो माझ्याहून चांगला आठ वर्षांनी मोठा. आमच्याकडे अशा माणसाला भाऊ म्हणतात. चपराशी असो की भाजीवाला, मी सगळ्यांना भाऊ म्हणते. त्याला मी फौजी म्हणायची.

पंधरा ऑगस्ट आला तसं प्राचार्यांच्या डोक्यात आलं की आपल्याकडे खराखुरा सैनिक आहे, त्याला गेटवर उभा करू. वर्दी घालून ये म्हणाले. निवृत्त माणसानं वर्दी घालायची नसते, मेडल तेवढे लावता येतात, असं तो म्हणाला. प्राचार्यांचं तोंड उतरलं. ते माझ्याकडे पाहून म्हणाले की तुझे वडील वर्दीच शिवतात ना, बघ काही जमतं का.

अब्बांचं दुकान बाजारात आहे. पोलीस, होमगार्ड, जंगल खात्याचे गार्ड, सगळे त्यांच्याकडे शिवतात. वर्दी म्हटली की अब्बा वेगळेच होतात. गिऱ्हाईक हवालदार असो की नुसता वॉचमन, माप घेताना उभे राहून घेतात. मी त्याला दुकानात पाठवला. अब्बांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, बर्फाचं विचारलं, पायाचं विचारलं. एका लग्नाच्या बँडवाल्यानं शिवायला टाकून नेलाच नाही असा निळा कोट दुकानात पडून होता, पितळी बटणांचा. तो त्यांनी त्याच्या मापाला आणला, मेडल लावायला छातीवर पट्टी शिवली आणि एक पैसा घेतला नाही. त्या कोटात तो धड सैनिक दिसेना, धड हॉटेलाच्या दारावरचा माणूस दिसेना. प्राचार्यांना फार आवडला.

तिथून पुढं काही असलं की फौजी गेटवर. झेंडावंदन, स्नेहसंमेलन, कुणी पाहुणा, कुणी आमदार, क्रीडा महोत्सव, रक्तदान. गाडी आली की सॅल्यूट, गाडी गेली की सॅल्यूट. कार्यक्रम अकराचा असला तरी पाहुणे एकला येणार, तोवर तो उभाच. सावलीत या म्हटलं तर म्हणायचा, ड्युटी गेटवर आहे. कोळशाचे ट्रक जायचे आणि निळा कोट संध्याकाळपर्यंत काळा व्हायचा. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहायची. डाव्या पायावरचा भार तो हळूच उजव्यावर घ्यायचा, कुणाला कळणार नाही अशा बेतानं. मला कळायचं. मी त्याचं नाव पाडलं, पुतळा. आज पुतळा बसवला का, असं मी विचारायची आणि ऑफिस हसायचं. पुढं पोरंही म्हणायला लागली. त्याच्यासमोरही.

गेटवर असताना वर्गात त्याची गैरहजेरी लागायची. त्याची सोय नियमात आहे. कॉलेजच्या कामाला लावलेल्या विद्यार्थ्याचं पत्र विभागानं द्यायचं, अमुक तारखांना हा कॉलेजच्या कामावर होता, हजर धरावा. खेळाडूंचं देतात, नाटकातल्या पोरांचं देतात. फौजीचं पत्र कक्षानं, म्हणजे मी द्यायचं. नमुना माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तारखा तर मला शोधाव्याही लागत नव्हत्या, कारण कक्षाच्या फाइलमध्ये त्याच्या प्रत्येक सॅल्यूटचा फोटो तारखेसकट लावलेला होता. पाच सेमिस्टर मी ते पत्र दिलं. पाच मिनिटांचं काम. त्याला सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. हजेरी आपोआप पुरी होते असंच त्याला वाटत असणार.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत मूल्यांकन समिती आली. तिघं जण, एक बाई आणि दोन सर. त्यांनी जिन्याखालची पाटी पाहिली आणि कक्षाचा लाभार्थी बोलवा म्हणाले. फौजी गेटवरच होता. आला, सावधानमध्ये उभा राहिला. त्या बाईंनी गोडीनं विचारलं की या कक्षाचा तुम्हाला काय फायदा झाला, मनमोकळं सांगा. प्राचार्य शेजारी हसत उभे. मी फाइल छातीशी धरून. त्यानं थोडा विचार केला. खोटं बोलू नये आणि कमीही सांगू नये, असा विचार करत असावा. मग म्हणाला, "मॅडम, एकदा फॉर्म भरायले टेबल भेटला."

बाईंनी आणखी काही, असं विचारलं. तो म्हणाला की नाही, एवढंच. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

समिती गेल्यावर प्राचार्यांनी कॉरिडॉरमध्ये माझा जो पाणउतारा केला तो चपराशानं ऐकला, लायब्ररीवालीनं ऐकला, पहिल्या वर्षाच्या पोरींनी ऐकला. एवीतेवी एकच माणूस सांभाळायला दिला होता, तोही तुला पढवता आला नाही, असं म्हणाले. मी चौदा वर्षांच्या नोकरीत कुणासमोर रडले नाही. त्या दिवशी खेळाच्या कोठीत जाऊन रडले, हॉकीच्या काठ्यांमध्ये. आणि तिथंच ठरवलं की आता येऊ दे माझ्याकडे.

मार्चच्या शेवटी कमी हजेरीवाल्यांची यादी निघाली. विद्यापीठाला नावं कळवायला पंधरा दिवस होते. फौजीचं नाव यादीत होतं. यायलाच हवं होतं, त्या सेमिस्टरला कार्यक्रमच इतके झाले. मी नमुना उघडला, त्याचं नाव टाकलं, तारखा टाकल्या. मग बंद केला. मागायला येऊ दे, असं मनात म्हटलं. हात जोडू नको, पण मॅडम एवढं पत्र द्या, असं एकदा तोंडानं म्हण. तेवढ्यावर मी दिलं असतं. अल्लाची शपथ, दिलं असतं.

तो आला नाही. कॉलेजात रोज यायचा, जिन्याखालून जायचा, मला नमस्कार करायचा. यादी फलकावर लागलेली होती. त्यानं ती पाहिली असेल असं मी धरून चालले, आणि पाहूनही येत नाही म्हणजे केवढी ही मिजास, असं वाटून माझा राग आणखी वाढला. तेराव्या दिवशी मी पुन्हा नमुना उघडला. चौदाव्या दिवशी रमजानचा बाजार करायचा होता म्हणून लवकर घरी गेले. पंधराव्या दिवशी यादी गेली.

हॉलतिकीट वाटायला मीच बसले होते. पोरं गर्दी करून होती, तो रांगेत. नंबर आल्यावर त्यानं ओळखपत्र पुढं केलं. मी गठ्ठा चाळल्यासारखं केलं. मला माहीतच होतं की त्यात त्याचं नाही. म्हटलं, तुमचं आलं नाही, हजेरी कमी आहे, यादी फलकावर होती. तो म्हणाला की यादी त्यानं पाहिली होती. मग आला का नाहीत, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, रांगेला ऐकू जाईल असं.

तेव्हा तो जे बोलला ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"मले वाटलं चुकून लागलं," तो म्हणाला. "ज्यानं ड्युटी लावली थोच लिवते न मॅडम. आमच्या तिकडं तसंच राह्यते. जवानानं जाऊन मी हजर होतो म्हणून सांगाचं नाई राह्यत. तुमीच लावली होती, तं तुमी लिवलंच असन."

पंधरा दिवस तो माझ्या टेबलासमोरून जात होता आणि नमस्कार करत होता, कारण त्याला माझ्यावर भरवसा होता. मी ज्याला मिजास समजत होते तो भरवसा होता. मला त्या क्षणी काय व्हायला हवं होतं ते मला कळतं. पण मागं रांग उभी होती, पोरं ऐकत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "ही फौज नाही फौजी. इथं ज्याचं त्यानं पाहायचं असतं."

मागं कुणीतरी हसलं. त्यानं ओळखपत्र परत खिशात घातलं, खिशाचं बटण लावलं आणि बाजूला झाला, पुढच्याला जागा करून दिली.

दुपारी मी पत्र लिहिलं. तारखा सगळ्या टाकल्या, फोटो जोडले, स्वतः प्राचार्यांकडे सहीला नेलं. विद्यापीठात फोन केला. मुदत गेली, आता काही होत नाही, पुढच्या वर्षी बसवा, असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी म्हणजे त्याला पंचेचाळीस होऊन गेलेली. हे मी प्राचार्यांना सांगितलं. ज्या माणसानं त्याला गेटवर उभं केलं होतं तो माणूस चष्मा पुसत म्हणाला, "नियम म्हणजे नियम. फौजी आहे तो, त्याला शिस्त आपण शिकवायची का?" आणि पत्र माझ्याकडे परत सरकवलं. मी ते कक्षाच्या फाइलला लावलं. चांगलं पत्र होतं. कुठं खाडाखोड नाही.

घरी अब्बा इफ्तारला बसले की विचारायचे, तुझ्या फौजीची परीक्षा कधी. मी म्हणायची, चालू आहे. पेपर कसे गेले विचारलं की म्हणायची, चांगले. अब्बा त्याच्यासाठी दुवा मागायचे. मी समोर बसून खजूर खायची.

परीक्षा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. गेटवर हॉलतिकीट तपासायला माणूस हवा होता, सिक्युरिटीवाला गावी गेला होता, आणि पोरं चपराशाला जुमानत नाहीत. फौजीला बोलाव म्हणाले, त्याला आता काय काम आहे. मी बाहेर आले आणि फोन लावला. नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं नाही. फोनवर मी पहिल्यांदा त्याला भाऊ म्हटलं. भाऊ, सरांनी गेटवर बोलावलं आहे, परीक्षेचे दिवस. येत नसाल तर तसं सांगते, असं मी म्हटलं.

"येतो," तो म्हणाला. "पोरगी बारावीले आहे. जूनमंदी इथीच टाकाची आहे तिले. तुमच्याच टेबलावर."

तो आला. निळा कोट, मेडल, एप्रिलचं ऊन. ज्यांच्याबरोबर तीन वर्षं एका वर्गात बसला त्या पोरांची हॉलतिकिटं तो गेटवर एकेक करून पाहत होता. फोटो पाहायचा, चेहरा पाहायचा, जा म्हणायचा. इतिहासाचा पेपर होता. एका पोरीनं त्याला घाईघाईत कुठल्यातरी तहाचं वर्ष विचारलं आणि त्यानं सांगितलं. बरोबर सांगितलं असणार, कारण ती पळतच आत गेली. त्या दिवशी कुणी त्याला पुतळा म्हटलं नाही. मी खिडकीतून पाहत होते. खिडकी लावून घेतली.

पेपर सुटल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. कोटाच्या खिशातून एक लहान वही काढली आणि माझ्यापुढं ठेवली. पट्टीनं रेघा मारलेल्या होत्या. तारीख, ड्युटी काय, कोणी लावली, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, सही.

"मॅडम, एवढं लिवून द्या."

मला वाटलं हा आता तक्रार करणार. तरी मी म्हटलं की भाऊ, आता याचा काय उपयोग आहे.

"उपयोग नाई," तो म्हणाला. "सवय लावून राह्यलो."

मी लिहिलं. गेट ड्युटी, प्राचार्यांच्या आदेशाने, सकाळी नऊ ते दुपारी दीड, सही. दुसऱ्या पेपरला पुन्हा. सहा पेपर होते, सहा सह्या केल्या. तारीख टाकायची राहिली की तो बोट ठेवायचा आणि थांबायचा. शेवटच्या दिवशी त्यानं वही मिटली, नमस्कार केला आणि कोट माझ्या हातात दिला, तुमच्या अब्बांले देऊन द्या म्हणाला. मी तो घरी नेला नाही. कोठीत हॉकीच्या काठ्यांवर टांगला. अजून तिथंच आहे. अब्बांना सांगितलं की पास झाला, आणि त्यांनी मोहल्ल्यात पेढे वाटले.

जुलैत तलाठ्याच्या भरतीची जाहिरात आली. माजी सैनिकांच्या जागा असल्या तर ती फलकावर लावणं हे कक्षाचं काम. मी लावली. चार टाचण्या, चारही कोपऱ्यांना.

त्याच आठवड्यात त्याची पोरगी आली. एकटीच. बापाचंच प्लास्टिकचं पाकीट, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, वर यादी. मी एका शब्दानं अडवलं नाही. फी-सवलतीचा फॉर्म मीच भरला, चुकीला माझ्याच पेनानं दुरुस्ती केली, खुर्ची दिली, पाणी दिलं. इतकं चांगलं मी कधी कुणाशी वागले नसेन. ती फलकाकडे पाहत होती. उठून जवळ गेली आणि जाहिरात वरपासून खालपर्यंत वाचली, शेवटच्या तारखेपर्यंत. मग येऊन बसली. बाबा कसे आहेत, असं मी विचारलं. ती म्हणाली की जंगलात गेले, बांबू तोडायला.

तेवढ्यात प्राचार्य जिन्यावरून उतरले. पोरीला पाहिलं, कुणाची म्हणून विचारलं आणि खूश झाले. शनिवारी नव्या वर्गखोल्यांचं उद्घाटन होतं, मंत्री येणार होते. आपल्या आदिवासी पोरी गेटवर रेला नाचतील, ही पुढं असू दे, उंच आहे, असं मला सांगून ते गेले. पोरीला काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही. शनिवार म्हणजे तिच्या पहिल्या आठवड्याचे वर्ग.

मी तिला सांगितलं. सांगावं तर लागणारच होतं. म्हटलं, बेटा, शनिवारी सकाळी आठला ये, साडी कॉलेजकडून मिळेल, दोन-तीन तासांचं काम आहे.

तिनं पाकिटात हात घातला आणि वही काढली. तीच. टेबलावर माझ्याकडे तोंड करून उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पेन वहीवर आडवं ठेवलं.

"बाबा म्हणले, त्या मॅडमनं काही काम सांगतलं तं पहिले लिवून घेजो," ती म्हणाली. "मंग कर म्हणले."

खरं सांगते, आधी मला रागच आला. सतरा वर्षांची पोर, पहिला दिवस, आणि माझ्यासमोर वही. मग पान दिसलं. त्यावर सहा ओळी होत्या, सहाही माझ्या अक्षरात, खाली माझ्याच सहा सह्या. सातवी ओळ रिकामी होती. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि थांबली. मी तारीख टाकली.